रोज एक मिलिमीटर

२५ एप्रिल १९०३ रोजी लंडनमध्ये हेन्री हेड या डॉक्टरने स्वतःच्या डाव्या हातातल्या दोन संवेदनावाहक नसा कापून घेतल्या आणि कापलेली टोके लगेच रेशमाच्या टाक्यांनी पुन्हा जोडून घेतली. हाताला काहीही झालेले नव्हते. नस तुटलेले रुग्ण तो नेहमी पाहत होता. पण कोणती संवेदना आधी परत आली, परत आलेला स्पर्श पूर्वीसारखाच आहे की वेगळा, हे अचूक सांगू शकेल असा माणूस त्याला मिळत नव्हता. म्हणून त्याने स्वतःलाच रुग्ण केले. पुढची चार वर्षे सवड मिळेल तेव्हा तो केंब्रिजला जाई, सेंट जॉन्स कॉलेजमध्ये आपल्या मित्राच्या, डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्सच्या खोलीत डोळे मिटून बसे, आणि रिव्हर्स त्याच्या हातावर कापूस फिरवी, टाचणी टोची, गार आणि गरम पाण्याच्या नळ्या टेकवी. काय जाणवले ते हेडने सांगायचे, रिव्हर्सने लिहून घ्यायचे. १९०८ साली हा वृत्तान्त ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आधी परत आली ती वेदना, आणि तीही पसरट. टाचणी नेमकी कुठे टोचली ते कळत नव्हते, नुसते दुखत होते. कापसाचा हलका स्पर्श आणि अचूक जागा ओळखण्याची शक्ती यायला फार जास्त काळ गेला. यावरून संवेदनेच्या दोन वेगवेगळ्या यंत्रणा असल्या पाहिजेत, असा सिद्धान्त दोघांनी मांडला. पुढच्याच वर्षी ट्रॉटर आणि डेव्हिस या शल्यविशारदांनी स्वतःच्या नसा कापून घेऊन त्या सिद्धान्ताला आव्हान दिले. सिद्धान्त मागे पडला. निरीक्षणे मात्र आजही वाचण्यासारखी आहेत, कारण तुटलेली नस परत वाढताना माणसाला आतून काय जाणवते, हे इतक्या चिकाटीने क्वचितच कोणी नोंदवले आहे.

त्या त्वचेखाली काय घडत होते हे पाहण्याचे साधन मात्र १९०३ साली दोघांकडेही नव्हते. आता ते बरेचसे कळले आहे, आणि ते हाड सांधण्यापेक्षा किंवा जखम भरून येण्यापेक्षा अगदी वेगळे आहे. जखम भरते ती नव्या पेशी जन्माला येऊन. चेतापेशी मात्र विभागत नाही. जी पेशी तुटली, तिलाच आपला तुटलेला भाग नव्याने घडवावा लागतो. शल्यविशारदाचा टाका दोन टोके समोरासमोर धरून ठेवतो, पुढचे काम पेशीचे. आणि त्यासाठी तिला निरोप वाहण्याचे आपले नेहमीचे काम सोडून, गर्भावस्थेनंतर न केलेले वाढीचे काम पुन्हा हाती घ्यावे लागते. या बदलाची कहाणी मुख्यतः रसायनाची आहे.

आधी या पेशीचा आकार ध्यानात घ्यायला हवा. पायाच्या पंजाचे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशीचे मुख्य शरीर कमरेजवळ, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असते. ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. तिथून निघालेला तिचा अक्षतंतू मात्र सुमारे मीटरभर लांब जातो. पेशीचे शरीर लाडवाएवढे मानले, तर हा तंतू पेन्सिलीहून बारीक आणि जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब होईल. त्या लाडवात केंद्रक आहे, केंद्रकात जनुके आहेत, आणि तंतूला लागणारी बहुतेक प्रथिने तिथेच तयार होतात. तिथून ती तंतूच्या टोकापर्यंत वाहून न्यावी लागतात. तंतूच्या आत ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्म नलिका रुळांसारख्या पसरलेल्या असतात. त्यांच्यावरून कायनेसिन नावाची प्रथिने माल टोकाकडे नेतात, तर डायनिन नावाची प्रथिने टोकाकडून मागे आणतात. पेशीभोवतीचे पटल बांधायची सामग्री लहान पिशव्यांतून दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर या वेगाने जाते. पण तंतूचा सांगाडा ज्यांपासून बनतो ती प्रथिने दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर सरकतात. हा संथ वेग पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आता नस तुटते. मनगटावर काच लागून असो, नाहीतर कडबाकुट्टीत हात जाऊन असो. पहिल्या क्षणाला घडते ते कॅल्शियमचे आक्रमण. पेशीबाहेरच्या द्रवात मोकळे कॅल्शियम पेशीच्या आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असते, आणि एरवी पटलावरचे पंप ते सतत बाहेर ढकलत असतात. तंतू कापला गेला की ते आत घुसते. त्याने कॅलपेन नावाचे प्रथिनभेदक एन्झाइम जागे होते आणि टोकाजवळचा सांगाडा तोडायला लागते. ऐकायला हा निव्वळ विध्वंस वाटतो. पण याच कॅल्शियममुळे आतल्या बारीक पिशव्या तुटक्या तोंडाशी जमून एकमेकींत मिसळतात आणि भोक बुजवतात. ते बुजले नाही तर पेशी वाचत नाही. पुढे वाढणारे टोक तयार व्हायचे तेही याच मोडतोडीतून.

जखम झाल्याचे मात्र दूरवरच्या केंद्रकाला कळायला हवे. ही बातमी एकाच मार्गाने जात नाही. सर्वांत आधी कॅल्शियमची लाट तंतूतून मागे सरकते. ती पेशीच्या शरीरापर्यंत पोचली की जनुके मिटून ठेवणारे एचडीएसी-५ हे प्रथिन केंद्रकातून बाहेर पडते आणि वाढीची जनुके मोकळी होतात. तिच्यामागून, काही तासांनी, डायनिनवर स्वार होऊन प्रथिनांचे निरोप येतात. इस्रायलमधल्या वाइझमान संस्थेत माइक फाइनझिल्बर यांच्या गटाने २००३ आणि २००५ साली यातला एक बारकावा उलगडला, तो मला फार आवडतो. इम्पोर्टिन-बीटा या प्रथिनाचा आराखडा, म्हणजे त्याचे आरएनए, तंतूतच पडून असते. तंतू तुटला की त्यावरून प्रथिन जागच्या जागी तयार होते आणि मागे जाणाऱ्या गाडीला निरोप जोडून देते. यातला एक निरोप म्हणजे फॉस्फेटचा गट चिकटलेले ईआरके हे एन्झाइम. वाटेत कोणतेही साधे एन्झाइम त्याचा फॉस्फेट काढून टाकू शकते, आणि फॉस्फेट गेला की निरोप कोरा झाला. तसे होऊ नये म्हणून व्हायमेंटिन नावाचे प्रथिन त्याला बिलगून राहते आणि फॉस्फेट झाकून ठेवते. आणि हे व्हायमेंटिनचे विरघळणारे तुकडे तयार करते कोण, तर मघाचे तोडफोड करणारे कॅलपेन.

एक बातमी अशीही असते जी येत नाही. स्नायू आणि त्वचा एरवी चेतापेशीला पोषक प्रथिने पाठवत असतात. नस तुटली की ती थांबतात, आणि ते थांबणेही केंद्रकाला समजते.

मग पेशीचे रूप पालटते. जर्मन डॉक्टर फ्रान्झ निस्लने १८९२ साली सशाच्या चेहऱ्याची नस तोडून हे पाहिले. निरोगी चेतापेशीला विशिष्ट रंग दिला की तिच्यात गडद ठिपके दिसतात. नस तोडल्यावर काही दिवसांत ते ठिपके विरून गेले, पेशी फुगली आणि केंद्रक मधून कडेला सरकले. पेशी मरायला टेकली आहे, असाच कोणाचाही समज व्हावा असे हे दृश्य. हे ठिपके म्हणजे प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोमांचे थर आहेत आणि त्यात आरएनए ठासून भरलेले असते, हे पुढे कळले. १९५७ साली स्वीडनमधल्या योटेबोरी शहरात होल्गर ह्युडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका चेतापेशीतले आरएनए मोजण्याचे अतिशय नाजूक तंत्र वापरून चित्र उलटे केले. पेशी फिकी दिसते ती पाणी शोषून फुगल्यामुळे. आरएनए विरळ होते, नाहीसे होत नाही. पुढे तंतू वाढू लागला की आरएनएचा आणि प्रथिनांचा एकूण साठा वाढत जातो. सूक्ष्मदर्शकाखाली मरणासन्न दिसणारी पेशी प्रत्यक्षात कामाच्या ऐन भरात असते.

ती घडवते काय, आणि घडवायचे सोडते काय, हे शेजारी ठेवून पाहिले की पेशीने व्यवसाय बदलल्याची खात्री पटते. निरोप पुढच्या पेशीला देण्यासाठी लागणारे असिटिलकोलिन बनवणारे एन्झाइम कमी होते, ते असिटिलकोलिन मोडणारेही कमी होते. जिथे निरोपच पोचत नाही तिथे त्यांचा उपयोग नाही. तंतूला जाडी देणारी न्यूरोफिलामेंट प्रथिने घटतात, त्यामुळे तंतू बारीक होतो. याउलट ट्युब्युलिन आणि अॅक्टिन ही सांगाड्याची प्रथिने वाढतात, कारण लांबी त्यांच्याशिवाय वाढणार नाही. सी-जून आणि एटीएफ-३ ही जनुकांना चालना देणारी प्रथिने, जी निरोगी पेशीत जवळजवळ नसतातच, ती केंद्रकात जमा होतात. पॉलिअमाइन नावाचे लहान रेणू बनवणारे एन्झाइम वेग घेते. ग्लुकोजची वाटही बदलते. चेतापेशी एरवी ग्लुकोज जाळते ते मुख्यतः ऊर्जेसाठी. आता त्यातला वाढीव वाटा पेंटोज फॉस्फेट या आडवाटेने जातो. तिथून दोन गोष्टी मिळतात: आरएनएचा कणा बनणारी रायबोज साखर, आणि मेद बनवायला लागणारे एनएडीपीएच. नव्या तंतूला हातभर लांब पटल लागणार आहे आणि पटल मेदाचे असते, हे पाहिले म्हणजे या आडवाटेचे कारण लक्षात येते.

या सगळ्यांत सर्वाधिक चर्चा झाली ती गॅप-४३ या प्रथिनाची. १९८१ साली स्कीन आणि विलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांना ते भेकाच्या डोळ्याच्या नसेत आणि सशाच्या जिभेच्या नसेत सापडले. नस वाढत असताना ते कित्येक पटींनी वाढते आणि वेगवान गाडीने टोकाशी जाऊन पोचते. तिथे ते पटलाच्या आतल्या बाजूला चिकटून अॅक्टिनची जुळवाजुळव बदलते. पुढे असे दिसले की स्मृतीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांना जे एक प्रथिन वेगळ्या नावाने माहीत होते, ते हेच. तुटलेली नस वाढवणारे आणि मेंदूत नवी जोडणी घट्ट करताना हजर असलेले प्रथिन एकच निघाले.

आतापर्यंतची गोष्ट तुटलेल्या ठिकाणाच्या अलीकडची, म्हणजे शरीराकडच्या बाजूची. पलीकडे काय होते याचा पहिला स्पष्ट वृत्तान्त १८५० साली ऑगस्टस वॉलरने दिला. हा लंडनमधल्या केन्सिंग्टन भागात दवाखाना चालवणारा डॉक्टर होता. बेडकाची जीभ पातळ आणि पारदर्शक असते, तिच्यातल्या नसा सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसतात. त्याने जिभेकडे जाणाऱ्या नसा कापल्या आणि पुढचे दिवस पाहत राहिला. कापलेल्या जागेच्या पलीकडचे तंतू आधी गाठीगाठींचे झाले, मग त्यांचे तुकडे झाले, मग कण. अलीकडचे तंतू मात्र शाबूत राहिले. तंतूचे जीवन पेशीच्या शरीरावर अवलंबून असते, हा निष्कर्ष त्यातून निघाला, आणि या विघटनाला आजही वॉलरचे नाव आहे.

पेशीपासून तोडला म्हणून तंतू उपाशी मेला, असा अर्थ त्यानंतर सुमारे १४० वर्षे सगळे लावत आले. तो चुकीचा होता. १९८९ साली ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत उंदरांचा एक वाण असा आढळला की त्यांच्या नसा कापल्या तरी पलीकडचा तंतू दोन दिवसांत मोडण्याऐवजी दोन-तीन आठवडे शाबूत राही, इतकेच नव्हे तर विजेचा झटका दिला की निरोपही वाही. साध्या उंदरांच्या आणि यांच्या तंतूंची उपासमार सारखीच होती. मग यांचा तंतू जगतो कसा? उत्तर २००१ साली मिळाले. या उंदरांत दोन जनुके चुकून एकत्र सांधली गेली होती, आणि त्यातून एनएडी तयार करणारे एक टिकाऊ एन्झाइम तंतूत मिळत होते. एनएडी हा प्रत्येक पेशीच्या ऊर्जेच्या व्यवहारात लागणारा रेणू. साध्या तंतूत तो बनवण्याचे काम एनएमएनएटी-२ हे एन्झाइम करते. ते अतिशय अल्पायुषी असल्यामुळे पेशीच्या शरीराकडून त्याचा नवा पुरवठा सतत यावा लागतो. नस तुटली की पुरवठा थांबतो आणि काही तासांत एनएमएनएटी-२ संपते. त्याबरोबर एनएडी घटू लागते आणि ज्या कच्च्या मालापासून ते बनते तो साठत जातो. या दोहोंचे प्रमाण सार्म-१ नावाचे प्रथिन सतत जोखत असते. प्रमाण बिघडले की सार्म-१ जागे होते, आणि ते स्वतःच एनएडी फोडणारे एन्झाइम आहे, हे २०१७ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या संशोधकांनी दाखवले. मग उरलेले एनएडी झपाट्याने संपते, ऊर्जा संपते, कॅल्शियम आत येते आणि कॅलपेन सांगाडा कापून टाकते.

म्हणजे तुटलेला तंतू नुसत्या उपासमारीने मरत नाही. त्याला मारण्याची तयार यंत्रणा त्याच्यातच असते, आणि सार्म-१ नसलेल्या उंदरांत तंतू आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. अशी आत्मघातकी यंत्रणा निसर्गाने का राखली असेल? निदान एक कारण त्या ऑक्सफर्डच्या उंदरांतच दिसले. पलीकडचा तंतू मोडत नाही, तर अलीकडून येणारा नवा संवेदनातंतू नीट वाढतही नाही. जुने हटल्याशिवाय नव्याला वाट मिळत नाही. केमोथेरपीत आणि इतर काही विकारांत मात्र हीच यंत्रणा नको तेव्हा सुरू होते, म्हणून सार्म-१ ला आवर घालणारी औषधे शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत.

या विघटनाच्या वेळापत्रकाला व्यवहारातही महत्त्व आहे. माणसात तुटलेल्या जागेपलीकडची नस लगेच मुकी होत नाही. हालचालीचे तंतू साधारण आठवडाभर आणि संवेदनेचे तंतू दहा दिवसांपर्यंत विजेच्या चाचणीला उत्तर देत राहतात. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी नसांची तपासणी करून घेतली आणि मनगटाखालची नस चांगली दिसली, तर त्यावरून नस तुटलेली नाही असे समजता येत नाही. नसांचे डॉक्टर ती चाचणी दोन-तीन आठवड्यांनी करायला किंवा परत करायला सांगतात त्याचे कारण हेच.

मोडलेल्या तंतूभोवती उरतात त्या श्वान पेशी. निरोगी नसेत त्या तंतूला गुंडाळून मायलिनचे थर घालतात, आणि मायलिनच्या कोरड्या वजनाचा सुमारे ७० टक्के भाग मेदाचा असतो. तंतू मेला की या पेशीही आपले रूप बदलतात. लंडनमधल्या जेसन आणि मिर्स्की यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले की हा बदल घडवतो तो सी-जून, म्हणजे चेतापेशीच्या केंद्रकात दिसलेला तोच रेणू. श्वान पेशी मायलिन बनवण्याची जनुके बंद करतात आणि पोषक प्रथिनांची जनुके उघडतात. पहिल्या काही दिवसांत स्वतःचे मायलिन त्या स्वतःच गिळून पचवतात. मग रक्तातून आलेल्या भक्षक पेशी उरलेला ढिगारा उपसतात. या भक्षक पेशी इंटरल्युकिन-१ नावाचा संदेश सोडतात आणि त्याने नसेतले एनजीएफ, म्हणजे चेतावर्धक प्रथिन, पुन्हा वाढते, असे १९८७ साली आढळले. एनजीएफ ओळखले रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी, १९८६ चे नोबेल त्यांना अशा वर्धक प्रथिनांच्या शोधासाठी मिळाले. रिटाबाईंनी दुसऱ्या महायुद्धात, ज्यू असल्यामुळे विद्यापीठाबाहेर पडावे लागल्यावर, तुरिनमधल्या घरात झोपण्याच्या खोलीत कोंबडीच्या भ्रूणांवर प्रयोग चालू ठेवले होते. त्या चिकाटीचे ऋण या विषयावर फार मोठे आहे.

ढिगाऱ्यातला मेद वाया जात नाही. मायलिन मोडून निघालेले कोलेस्टेरॉल भक्षक पेशी अपोलिपोप्रोटीन-ई या प्रथिनात बांधून बाहेर सोडतात. वाढणाऱ्या तंतूचे टोक ते उचलून नवे पटल बांधते, आणि पुढे श्वान पेशीही तेच वापरून नवे मायलिन घालतात. जखमी नसेत हे प्रथिन प्रचंड प्रमाणात तयार होते. अपोलिपोप्रोटीन-ई मुळातच नसलेल्या उंदरांच्या नसाही वाढतात असे नंतर दिसले, म्हणजे तेच काम करणारे दुसरे वाहकही असले पाहिजेत.

रिकाम्या झालेल्या नळीत श्वान पेशी एकामागे एक रांगेने उभ्या राहतात. नळीच्या भिंतीवर लॅमिनिन हे प्रथिन असते आणि तंतूचे टोक त्याला धरून पुढे सरकते. १८९० साली स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी कोंबडीच्या भ्रूणात हे टोक प्रथम ओळखले. हाताच्या पंजासारखे ते सतत बोटे पुढे काढते, चाचपते, मागे घेते. बोटांत अॅक्टिन असते, मागून ट्युब्युलिनच्या नलिका लांबतात. आणि इथेच मघाशी सांगितलेला संथ वेग आडवा येतो. पटलाची सामग्री वेगाने येते, पण अॅक्टिन आणि ट्युब्युलिन दिवसाला काही मिलिमीटरच सरकतात. माणसात नस वाढण्याचा सर्वसाधारण वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर.

हा वेग बोटाने मोजता येतो. १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्सच्या ज्यूल तिनेल आणि जर्मनीच्या पाउल होफमान यांनी, युद्धात समोरासमोर असलेल्या दोन बाजूंनी, एकाच वर्षी एकच खूण नोंदवली. नसेच्या वाटेवर खालून वर बोटाने हलके टिचकत यायचे. एका ठिकाणी टिचकल्यावर बोटांत मुंग्या येतात. तिथे मायलिन न घातलेले कोवळे टोक पोचलेले असते. त्या जागेवर पेनाने खूण करून तिचे एखाद्या ठरलेल्या जागेपासूनचे अंतर लिहून ठेवायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पाहायचे. खूण पंजाच्या दिशेने सरकली असेल तर नस चालते आहे. महिनोन्महिने ती जागच्या जागी राहिली तर टोक कुठेतरी अडले आहे, आणि मग शल्यविशारदाने नस उघडून पाहावी लागते. एवढे साधे, कोणत्याही यंत्राशिवायचे हे परीक्षण आजही बाह्यरुग्ण विभागात रोज केले जाते.

मेंदू आणि मज्जारज्जूत मात्र हे घडत नाही. तिथे श्वान पेशी नाहीत. मायलिन घालणाऱ्या दुसऱ्या पेशी आहेत, त्या ढिगारा उपसत नाहीत. १९८१ साली माँट्रियलमध्ये डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदराच्या मज्जारज्जूत पायाच्या नसेचा तुकडा बसवला, तेव्हा एरवी न वाढणारे तंतू त्या तुकड्यातून सुमारे तीन सेंटिमीटर वाढले आणि बाहेर पडताच थांबले. वाढण्याची ताकद होती, जागा प्रतिकूल होती. झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी मग मायलिनमधले, वाढ रोखणारे नोगो हे प्रथिन शोधले.

कुष्ठरोगाचा जंतू याच श्वान पेशींत घर करतो, आणि आपल्याकडे, विशेषतः विदर्भात, ही गोष्ट पुस्तकी नाही. वरोऱ्याजवळ आनंदवन १९४९ साली उभे राहिले ते याच आजाराने समाजाबाहेर टाकलेल्या माणसांसाठी. जंतूला थोडी थंड जागा मानवते, म्हणून कोपराशी त्वचेलगत असलेली नस आधी सापडते, करंगळीकडचा पंजा बधिर होतो आणि बोटे आकसतात. वेल्लोरमध्ये पॉल ब्रँड यांनी दाखवले की बोटे झिजतात ती आजाराने सडून नव्हे, तर दुखत नसल्यामुळे रोज लागणाऱ्या चटक्यांनी आणि जखमांनी. २०१३ साली एडिंबरामध्ये उंदरांच्या पेशींवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की जंतू श्वान पेशींची मायलिनची जनुके बंद करून त्यांना फार आरंभीच्या, भ्रूणासारख्या अवस्थेत ढकलतो. नस दुरुस्त करण्यासाठी पेशीकडे असलेली लवचीकता जंतू स्वतःच्या प्रसारासाठी वापरतो. कुष्ठरोगाची औषधे लवकर सुरू करण्याचा आग्रह का धरायचा, हे यातून स्पष्ट होते. जंतू मारता येतो, गेलेली नस परत येईलच असे नाही.

कारण वेळेचे गणित कठोर आहे. मोटरसायकलवरून पडून मानेजवळ नसांचे जाळे तुटले, तर तिथून पंजापर्यंत साठ-सत्तर सेंटिमीटर अंतर असते. दिवसाला एक मिलिमीटर धरला तर जवळजवळ दोन वर्षे. पण निरोप न मिळालेला स्नायू दीड वर्षाच्या आसपास इतका आकसतो आणि त्याच्यात इतकी तंतुमय ऊती भरते, की नंतर नस पोचली तरी तो हलत नाही. आणि वाट पाहणाऱ्या श्वान पेशीही थकतात. काही महिन्यांत त्यांची सी-जून आणि पोषक प्रथिने बनवण्याची क्षमता ओसरते, रांगा विरळ होतात. उशिरा केलेल्या शस्त्रक्रियेचा लाभ कमी असतो तो या रासायनिक कारणाने.

हे गणित बदलायचे दोन प्रयत्न मला महत्त्वाचे वाटतात. पहिला कॅनडातल्या टेसा गॉर्डन यांचा. नस शिवल्यावर लगेच, अलीकडच्या टोकाला सेकंदाला २० वेळा, फक्त एक तास विजेचे सौम्य झटके दिले तर उंदरांत तंतू शिवण ओलांडून लवकर पलीकडे जातात, असे २००० साली त्यांना दिसले. त्या तासाभरात चेतापेशीतला सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू आणि पोषक प्रथिने वाढतात. वाढीचा वेग त्याने बदलत नाही. शिवणीपाशी आठवडेच्या आठवडे रेंगाळणारे तंतू एकदम निघतात, एवढाच बदल होतो. २०१० साली मनगटाशी नस दबलेल्या रुग्णांतही या उपचाराचा फायदा नोंदवला गेला.

दुसऱ्या प्रयत्नात रसायनाला हात न लावता अंतरच कमी केले आहे. पॅरिसच्या क्रिस्तोफ ओबेर्लिन यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेत कोपर वाकवणाऱ्या दंडाच्या स्नायूची मेलेली नस सोडून दिली जाते. करंगळीच्या बाजूने पंजाकडे जाणाऱ्या चांगल्या नसेतून, मनगट वाकवणाऱ्या तंतूंचा एक लहानसा जुडगा वेगळा काढतात आणि दंडातच, स्नायूपासून काही सेंटिमीटरवर, त्याच्या नसेला जोडतात. मानेपासूनचा प्रवास काही सेंटिमीटरवर येतो आणि बहुधा चार-सहा महिन्यांत स्नायू हलू लागतो. मनगटाचे काम इतर जुडगे सांभाळतात. सुरुवातीला रुग्णाने कोपर वाकवायचे मनात आणले तर काही होत नाही, कारण ती नस अजूनही मेंदूच्या लेखी मनगटाची आहे. म्हणून फिजिओथेरपिस्ट त्याला मनगट वाकवायला सांगतात, आणि कोपर वाकते. सरावाने काही महिन्यांत तसे सांगावे लागत नाही. रुग्ण कोपर वाकवायचे ठरवतो आणि ते वाकते.